लघुउद्योगातील प्रयोगदृष्टी : एका पापड-व्यवसायाचे उदाहरण

नवा धंदा काढणे म्हणजे एक अनुमान बाजारात तपासून पाहणे होय. ते खोटे ठरल्यास हानी सोसवेल इतकेच भांडवल गुंतवावे आणि ते कशामुळे खोटे ठरले हे कळेल अशी मांडणी असावी, एवढ्या दोन अटी पाळल्या तर फसलेल्या उद्योगातूनही ज्ञान हाती लागते. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी आरंभिलेला व पुढे ‘लिज्जत’ या नावाने ख्यातनाम झालेला पापड-व्यवसाय या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशीचे उत्पादन अवघ्या चार पुड्यांचे. पापड घरोघरी खाल्ला जाणारा पदार्थ. तेव्हा त्यास गिऱ्हाईक मिळेल काय, हा मुख्य प्रश्न नव्हता. घरकामातून सवड काढून लाटलेल्या पापडांवर धर्मादायाच्या टेकूवाचून धंदा तगेल काय, हा होता. तोटा आला तरी देणगी मागावयाची नाही, असे या स्त्रियांनी ठरविले होते. या निश्चयाचे नैतिक मोल सहज दिसते. पद्धतीच्या दृष्टीने असलेले मोल त्याहून कमी नाही. देणगीने तूट भरून निघाली असती, तर हिशेबाची वही खोटे बोलू लागली असती.

पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात आणि काम चार महिने बंद ठेवावे लागले. अशा वेळी धंदाच बसला, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. वस्तुतः फसली होती ती वाळवण, विक्री नव्हे. पुढील वर्षी एक खाट व एक स्टोव्ह खरेदी करण्यात आला. खाटेवर पापड पसरावयाचे आणि खाली स्टोव्ह पेटवावयाचा. बाकी सर्व तसेच ठेवून एकच अडसर दूर केल्यामुळे दोष नेमका कोठे होता, हे निःसंशय ठरले.

प्रारंभी उत्तम व हलका असे दोन प्रतींचे पापड होत असत. छगनलाल पारेख यांच्या सल्ल्यावरून हलकी प्रत बंद झाली. यास मात्र प्रयोग म्हणता येणार नाही. तो नीतीचा निर्णय होता. यशस्वी संस्थेची प्रत्येक कृती प्रयोग म्हणून वाचण्याची खोड अभ्यासकाने टाळलेली बरी.

पहिल्या वर्षाची विक्री सुमारे ६,१९६ रुपये झाली. कालांतराने संस्थेने आगपेट्या, अगरबत्त्या व चर्मोद्योग यांतही हात घातला. ते उपक्रम यशस्वी झाले नाहीत. ती निराळी अनुमाने होती, आणि पापडाच्या खपाने त्यांपैकी एकही तपासले गेलेले नव्हते.