काचेआडच्या जगात: डायोरामा आणि आजची कला

लुई दागेरला आपण ओळखतो ते फोटोग्राफीमुळे, पण पॅरिसमध्ये त्याचा आधी बोलबाला झाला तो डायोरामामुळे. १८२२ मध्ये त्यानं चार्ल्स बूतों या चित्रकाराबरोबर एक आगळं प्रेक्षागृह उघडलं. तिथं नट नव्हतेच. अंधारात बसलेल्या प्रेक्षकांसमोर अर्धपारदर्शक कापडावर रंगवलेली प्रचंड चित्रं असत आणि त्यांवरचा उजेड मागूनपुढून बदलत जाई. १८३९ मध्ये ते आगीत खाक झालं. त्याच वर्षी दागेरचा फोटोग्राफीचा शोध जगासमोर आला.

पुढे डायोरामा संग्रहालयांनी आपलासा केला. कार्ल एकली यानं १८९० मध्ये मिलवॉकीच्या संग्रहालयासाठी मस्करॅट हा पाणथळीतला प्राणी त्याच्या परिसरासकट उभा केला. प्राण्यांत पेंढा भरण्याची जुनी रीत त्याला मान्य नव्हती. आधी स्नायूंसकट शिल्प घडवायचं आणि मग त्यावर कातडं चढवायचं, ही त्याची पद्धत. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतलं त्याच्या कल्पनेतलं आफ्रिकी दालन १९३६ मध्ये खुलं झालं, तेव्हा तो हयात नव्हता. या संग्रहालयातल्या कितीतरी देखाव्यांमागची आभाळं जेम्स पेरी विल्सननं रंगवली. मागची भिंत वक्र, त्यामुळे सरळ काढलेलं क्षितिजही वाकडं दिसायचं. त्यावर उपाय म्हणून त्यानं चौकटींचं गणित बसवलं. समोरची घडवलेली जमीन कुठे संपते आणि रंग कुठे सुरू होतो, तो सांधा शोधूनही सापडू नये, यासाठी ही सगळी खटपट. तरीही थोर निसर्गचित्रकारांच्या यादीत विल्सन नसतो, आणि हा मला धडधडीत अन्याय वाटतो. भिंतीवर टांगलेलं ते चित्र आणि काचेमागचा तो देखावा, ही वाटणी कलेच्या इतिहासाला फार महागात पडली आहे.

ती मोडायला सुरुवात केली कॅमेऱ्यानं. जपानहून न्यूयॉर्कला आलेल्या हिरोशी सुगिमोतोला याच संग्रहालयात जाणवलं की, एक डोळा मिटला की देखाव्याचा खोटेपणा नाहीसा होतो. कॅमेरा तर एकाक्षच! १९७६ मध्ये त्यानं काढलेल्या कृष्णधवल फोटोतलं ध्रुवीय अस्वल सीलवर असं वाकलेलं आहे की पाहणारा थंडीनं शहारतो.

पण या प्रकाराची खरी ताकद मला दिसते ती फ्रान्सिस ग्लेसनर ली या बाईच्या कामात. १९४० च्या दशकात तिनं पोलिसांना तपासाचं शिक्षण देण्यासाठी संशयास्पद मृत्यूंचे छोटे देखावे रचले. प्रमाण एका फुटाला एक इंच. बाहुल्यांचे पायमोजे ती टाचण्यांवर विणत असे. यातल्या एका स्वयंपाकघरात बाई जमिनीवर पडली आहे. गॅस सुरू आहे, दारांच्या फटीत वर्तमानपत्रं कोंबलेली आहेत. म्हणजे आत्महत्या? पण बटाटे अर्धवट सोललेले आहेत, इस्त्रीचं काम मांडलेलं आहे. जीव द्यायला निघालेली बाई बटाटे सोलायला घेईल का? उत्तर जाहीर केलेलं नाही, कारण हे देखावे आजही प्रशिक्षणासाठी वापरले जातात. २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या रेनविक गॅलरीनं ते कलाकृती म्हणून मांडले, आणि ते योग्यच झालं.

आपल्या दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा बुरुजाहून उंच असतो आणि पोरांना त्यात काही वावगं वाटत नाही. ज्याचं महत्त्व जास्त, तो मोठा. लीच्या घरात मात्र एकेक वस्तू मापात हवी, नाहीतर पुरावाच खोटा ठरायचा. आजच्या कलावंतांनी या दोन्ही वाटा वापरल्या आहेत.

लोरी निक्स आणि कॅथलीन गर्बर या जोडीनं ‘द सिटी’ मालिकेत माणसं नाहीशी झालेलं शहर घडवलं: छत फुटलेल्या ग्रंथालयात झाडं वाढताहेत. एकेक देखावा घडवायला त्यांना महिनोन्‌महिने लागतात, आणि तो असतो कॅमेऱ्याच्या एका जागेपुरता. शेवटी हातात उरतो तो फोटो. तो देखणा असतो, पण माझं समाधान होत नाही. डायोरामासमोर वाकावं लागतं, नाक काचेला टेकवावं लागतं. फोटो ते कष्ट वाचवतो आणि त्याबरोबर बरंच काही हिरावूनही घेतो.

ब्रिटनच्या जेक आणि डिनोस चॅपमन बंधूंनी ते कष्ट पुरेपूर करायला लावले. ‘हेल’ या कामात नऊ काचपेट्यांत हजारो चिमुकल्या आकृत्या, त्यांत नाझी गणवेशातले सैनिक, एकमेकांचा संहार करत होत्या. सगळं एका नजरेत मावतच नाही. एका पेटीपासून दुसरीपर्यंत चालत जावं लागतं. २००४ च्या लंडनमधल्या गोदामाच्या आगीत ते जळालं. भावांनी ते पुन्हा, आणखी विस्तारानं घडवलं.

सीरियात जन्मलेला वास्तुविशारद मोहमद हाफिज अमेरिकेत राहतो. व्हिसाच्या अटींमुळे घरी जाता येईना, म्हणून त्यानं दमास्कसच्या भिंती घडवायला घेतल्या. २०१७ च्या ‘अनपॅक्ड’मध्ये त्यानं निर्वासितांची सोडून आलेली घरं उघड्या सुटकेसांमध्ये उभी केली, आणि त्या कुटुंबांची हकिगत हेडफोनवर ऐकायला ठेवली. पडक्या खोल्या, लोंबणाऱ्या तारा, आणि हे सगळं प्रवासाच्या सामानात. ही माणसं काय घेऊन निघाली होती, हे बातमीतल्या आकड्यांपेक्षा त्या सुटकेसमध्ये जास्त कळतं.