मोतीबिंदू : लेझर की हाताची शस्त्रक्रिया?

आपल्या दीपनगर वसाहतीत आणि भुसावळ परिसरातील खेड्यांत वडीलधाऱ्यांना मोतीबिंदू झाला, की "करायचे तर लेझरनेच" असा आग्रह धरला जातो. मग पैसे जमेपर्यंत शस्त्रक्रिया लांबते. म्हणून ही माहिती आम्ही सभासद व विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होणे म्हणजे मोतीबिंदू. तो थेंबांनी विरघळत नाही. गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग, म्हणजे लेन्स, बसविणे हाच उपाय. अशी लेन्स डॉ. हॅरोल्ड रिडले यांनी १९४९ साली लंडनमध्ये प्रथम बसविली.

आज शस्त्रक्रियेच्या तीन पद्धती आहेत. हाताच्या पद्धतीत सुमारे ६ मि.मी.च्या छेदातून भिंगाचा गर काढतात. छेद बोगद्यासारखा तिरका असल्याने बहुधा टाका लागत नाही. दुसरी फेको. अमेरिकेतील डॉ. चार्ल्स केलमन यांनी ती १९६७ साली आणली. यात ध्वनिलहरींनी गर फोडून २ ते ३ मि.मी.च्या छेदातून ओढून घेतात. पुष्कळ लोक हिलाच 'लेझर' म्हणतात, पण तीत लेझर नसतो! खरे लेझर यंत्र डॉ. झोल्टान नागी यांनी बुडापेस्टमध्ये २००८ साली प्रथम वापरले. ते छेद देते, भिंगाचे आवरण गोल कापते व गराचे तुकडे करते. पुढचे काम डॉक्टरांना फेकोनेच करावे लागते.

मग फरक किती? फ्रान्समधील पाच रुग्णालयांतील अभ्यासात (२०२०) लेझर हे फेकोपेक्षा सरस ठरले नाही; खर्च मात्र वाढला. नेपाळमधील १०८ रुग्णांच्या अभ्यासात (२००७) फेको व हाताची पद्धत या दोन्हींत सहा महिन्यांनंतर चष्म्यासह ९८ टक्के रुग्णांना चांगले दिसत होते. फेकोत जखम लवकर भरते व सिलिंडरचा नंबर कमी येतो, हे खरे. पण कडक, पिकलेल्या मोतीबिंदूत हाताची पद्धत उपयोगी पडते आणि तिला महागडे यंत्र लागत नाही.

खरा धोका उशिराचा आहे. फार पिकलेल्या मोतीबिंदूने डोळ्यातील दाब वाढून दृष्टी कायमची जाऊ शकते. शासकीय रुग्णालयांत राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ही शस्त्रक्रिया लेन्ससह मोफत होते. तेव्हा लेझरसाठी कर्ज काढू नका आणि थांबूही नका. कोणती पद्धत योग्य, हे नेत्रतज्ज्ञांना विचारा. विद्यार्थ्यांनी हा लेख आजी-आजोबांना वाचून दाखवावा, एवढीच विनंती.