खोट्या पत्रांचा गळ

बियाणें घेतांना पिशवीवरील मोहोर पाहिल्यावांचून सुज्ञ शेतकरी पैसे मोजीत नाहीं. हीच सावधगिरी ईमेलनें येणाऱ्या पत्रांच्या बाबतींतहि बाळगणें अवश्य झालें आहे. बँक, सरकार अथवा विमा कंपनी यांच्या नांवें खोटें पत्र धाडून गुप्त माहिती काढून घेण्याच्या कृत्यास ‘फिशिंग’ म्हणतात. मासे धरण्याच्या गळाचीच ही उपमा होय. आमिष मात्र माणूस पाहून बदलतें.

२०१९ सालीं सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेंत पात्र शेतकऱ्यास वर्षास ६,००० रुपये तीन हप्त्यांनीं मिळूं लागले. ‘आपला हप्ता अडला आहे, आजच खालील दुव्यावर ई-केवायसी करा,’ हें आमिष म्हणूनच शेतकऱ्यास सहज भुलवितें.

अशा पत्राची परीक्षा पुढीलप्रमाणें करावी :

(१) पाठविणारा आपलें नांव हवें तें लिहूं शकतो. सबब त्यामागील पूर्ण पत्ता पाहावा. तोहि क्वचित् बनावट असतो, म्हणून एवढ्यावरच विसंबूं नये.

(२) दुव्यांत आरंभींच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढील तिरक्या रेघेपर्यंतचा पत्ता उजवीकडून वाचावा. ‘गव्ह डॉट इन’ हा शेवट सरकारी स्थळांचा आहे. परंतु ‘पीएमकिसान डॉट गव्ह डॉट इन डॉट अमुक डॉट कॉम’ हें स्थळ सरकारचें नव्हे, ‘अमुक’चें होय. बँकांनीं आपलीं स्थळें ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ या शेवटाखालीं आणावीं, अशी रिझर्व्ह बँकेची आज्ञा झाली होती.

(३) घाई व धमकी हीं लबाडीचीं ठळक लक्षणें होत. विचारास वेळ मिळूं नये, हाच त्यांतील हेतु.

(४) ओटीपी, पासवर्ड वा पिन कोणासहि सांगूं नये. पैसे जमा होण्यास यूपीआय पिन लागत नाहीं.

(५) पत्रासोबतची ‘एपीके’ फाईल उघडूं नये. तिच्या योगें मोबाईलवरील ओटीपी परक्याच्या हातीं जाऊं शकतो.

शंका येतांच दुव्यास हात न लावतां पासबुकावरील शाखेंत जाऊन विचारावें.

इतकेंहि करून फसगत झालीच, तर लाजेनें गप्प बसूं नये. चोरलेली रक्कम थोड्याच वेळांत एका खात्यांतून दुसऱ्यांत हलविली जाते. ती वाटेंत असेपर्यंतच अडविण्याची आशा असते. यास्तव ताबडतोब बँकेस व १९३० या क्रमांकावर कळवावें आणि पासवर्ड बदलावा. पीककर्जाची रक्कम गेली तरी कर्ज फिटत नाहीं, हें प्रत्येक खातेदारानें ध्यानांत ठेवावें.