बुडबुड्यांचा कारखाना

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात माँट्रियल नावाची एक नदी आहे. त्याच नावाच्या शहराशी तिचा संबंध नाही. या नदीवर रॅगेड शूट नावाच्या खळाळाच्या जागी १९१० पासून १९८१ पर्यंत एक कारखाना चालला. हवा दाबायचा कारखाना, पण हवा दाबायला त्यात ना दट्ट्या होता, ना चाक, ना पाते. नदीचे पाणी एका खोल विवरात पडायचे आणि नऊएक मैलांवरच्या चांदीच्या खाणींत ड्रिल धडधडायचे. मधले सगळे काम बुडबुडे करायचे.

आपल्याकडे शेतातल्या माणसाला विचारा, पाण्यात हवा शिरली की काय होते. ‘पंपाने एअर घेतला’ म्हणजे त्या दिवसाचे पाणी गेले. इंजिनिअर लोकही नळीतून पाणी आणि वायू एकत्र वाहू लागले की कपाळाला आठ्या घालतात. हा द्विकला प्रवाह मोठा लहरी असतो. कधी वायू बारीक बुडबुड्यांनी विखरून जातो, तर कधी त्याचे मोठे गोळे होऊन पाण्याला धक्के देतात. चार्ल्स हॅवलॉक टेलर या कॅनेडियन माणसाने हीच डोकेदुखी कामाला लावली. धरणाखालच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. गोष्ट जरा जास्तच गोंडस आहे. पण १८९६ साली क्वेबेकमधल्या मेगॉगच्या कापड गिरणीत त्याने असे यंत्र चालवून दाखवले, हे मात्र नक्की.

मुळात युक्ती जुनीच. कॅटलोनियातल्या लोखंडाच्या भट्ट्यांना भात्याऐवजी पडत्या पाण्याने ओढलेली हवा पुरवायचे, त्याला ट्रॉम्प म्हणत. भट्टीला नुसता वारा पुरतो. खाणीतल्या ड्रिलला मात्र चांगला दाब लागतो. टेलरने तोच ट्रॉम्प शेकडो फूट जमिनीत नेला.

रॅगेड शूटला वरच्या तोंडाशी पुष्कळ उभ्या नळ्या होत्या. पाणी त्यांच्याभोवतीने आत ओढले जाई आणि जाताना नळ्यांतली हवा खेचून घेई. पाणी दुधासारखे पांढरे होऊन सुमारे ३५० फूट खोल विवरात उतरे. आता, बुडबुड्याचा स्वभाव वर येण्याचा. म्हणून पाण्याचा वेग त्याच्या वर चढण्याच्या वेगापेक्षा जास्तच ठेवावा लागे. बिचारा वर पोहत राहायचा आणि तरी खाली खाली जायचा, पट्ट्यावर उलटा धावणाऱ्या माणसासारखा. तळाशी हजारेक फूट लांबीचा रुंद बोगदा होता. तिथे पाण्याचा वेग मंदावला की बुडबुडे सुटून छताशी जमत. हवा वेगळी झालेले पाणी सुमारे ३०० फुटांच्या दुसऱ्या विवरातून वर चढून नदीला मिळे. दोन विवरांच्या खोलीतला पन्नासएक फुटांचा फरक म्हणजेच नदीचा तिथला उतार. कारखान्याची सगळी कमाई तेवढीच. छताशी कोंडलेल्या हवेवर मात्र बाहेर जाणाऱ्या ३०० फूट पाण्याचा भार असे, म्हणून तिचा दाब दर चौरस इंचाला १२० पौंडांच्या घरात जाई.

खरी गंमत मला उष्णतेत वाटते. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंप खालून तापतो, हे आपण सगळ्यांनी बोट लावून पाहिले आहे. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरला पंख्यासारख्या पट्ट्या असतात त्या ही ऊब टाकायलाच. अजिबात थंड न करता हवेचा दाब नऊपट केला, तर ती अडीचशे अंश सेल्सियसच्या वर जाते आणि कामही गार ठेवून दाबण्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्याहूनही अधिक वाढते. ते वरचे काम पुढे नळात उष्णता होऊन उडून जाते. टेलरच्या विवरात प्रत्येक बुडबुड्याला चोहोबाजूंनी थंड पाण्याचे वेष्टन. उष्णता जन्मते त्याच क्षणी पाणी ती पिऊन टाकते. बुडबुडा जितका बारीक, तितका त्याचा पृष्ठभाग आकारमानाच्या मानाने मोठा. म्हणूनच मिशिगनमधल्या व्हिक्टोरिया तांब्याच्या खाणीवरच्या त्याच्या यंत्राची कार्यक्षमता ८२ टक्क्यांच्या आसपास मोजली गेली. हे १९०६ च्या सुमाराचे यंत्र. मोठमोठ्या पोलादी कॉम्प्रेसरांना लाजवणारा आकडा आहे हा.

आणखी एक फायदा. थंड आणि दाबलेल्या हवेत वाफ कमी मावते, उरलेली पाण्यातच राहते. त्यामुळे खाणीत पोचलेली हवा कोरडी असे आणि ड्रिलमधून बाहेर पडताना ती प्रसरण पावून गार झाली तरी बर्फाचा खडा अडकत नसे. तोटाही होता. ऑक्सिजन पाण्यात नायट्रोजनपेक्षा अधिक विरघळतो, म्हणून ही हवा बाहेरच्या हवेपेक्षा ऑक्सिजनला थोडी कमी पडे.

हे सगळे तिथे कशासाठी, तर कोबाल्ट गावासाठी. १९०३ साली रेल्वेमार्ग टाकताना तिथे चांदी सापडली. फ्रेड लारोझ नावाच्या लोहाराने कोल्ह्यावर हातोडा फेकला आणि तो चांदीच्या शिरेवर आपटला, ही त्या गावाची आवडती दंतकथा. खाणी धडाधड उघडल्या, पण कोळसा लांबून आणावा लागे. नदी मात्र फुकट वाहत होती.

पाहुणे मात्र कारखान्यापेक्षा त्याचा फवारा पाहायला येत. खाणींनी हवा कमी वापरली की बोगद्यात ती साठत जाई, पाण्याची पातळी खाली ढकलली जाई आणि एका सुटका-नळाचे तोंड उघडे पडे. त्यातून हवापाण्याचा लोट आभाळात उसळे. दाब आपोआप जागेवर येई. तोही हवा-पाण्याचाच खेळ, फक्त आता वरच्या दिशेने.

आता त्या जागी छोटे जलविद्युत केंद्र आहे. टेलरचे विवर बंद पडले, कल्पना नाही. ओंटारिओमधल्याच सडबरी शहरातल्या ‘डायनॅमिक अर्थ’ या विज्ञानकेंद्रात अलीकडे संशोधकांनी पंपाने पाणी फिरवून चालणारे असेच एक यंत्र उभारले. आपल्या घरी तेवढी खटपट नको. नळ पूर्ण सोडून बादली भरत असताना धारेखाली पाहा: बुडबुडे किती खोल जातात आणि कुठे वळून वर येतात, ते मोजा.