वाचन सुटलंय? अंतराळातून परत या!

नोकरी लागली आणि माझं वाचन सुटलं. परत सुरू करताना थेट जाडजूड 'लेव्हायथन वेक्स' उचललं आणि शंभराव्या पानावर अडकलो. पुस्तक भारीच आहे, माझा क्रम चुकला.

म्हणून आधी मार्था वेल्सचं 'ऑल सिस्टम्स रेड' (२०१७) घ्या. जेमतेम दीडशे पानं. अर्धा यंत्र, अर्धा जिवंत असा सुरक्षारक्षक, पण त्याचा सगळा जीव सिरीयल बघण्यात! मग जॉन स्काल्झीचं 'ओल्ड मॅन्स वॉर' (२००५). नायक पंचाहत्तरीत सैन्यात भरती होतो. पुढचं सांगत नाही.

एवढा दम आला की 'लेव्हायथन वेक्स' (२०११) घ्या. नऊ कादंबऱ्यांची मालिका तिथून सुरू होते.

रोज दहा पानं, फोन दुसऱ्या खोलीत. अर्थात, हा एपिसोड संपल्यावर!