जाम झालेला नट कसा सोडवावा?

आपल्या शिवारात बैल कमी झाले आणि छोटे ट्रॅक्टर वाढले. बैलाला रोज वैरण-पाणी लागते, तशी ट्रॅक्टरलाही देखभाल लागते. पण काम संपले की पुष्कळदा तो झाडाखाली तसाच उभा राहतो. चार महिने पाऊस खातो. मग ऐन पेरणीच्या तोंडावर फण बदलायला जावे, तर नट हलत नाही. जोर करावा, तर बोल्ट मधेच तुटतो. तुटलेला तुकडा आत अडकला की ड्रिलने कोरून काढावा लागतो. त्यात पैसे जातात आणि वाफसाही निघून जातो. म्हणून ही माहिती.

नट जाम का होतो?
लोखंडाला हवेतला प्राणवायू आणि पाणी एकदम मिळाले की गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमध्ये फट असते ती केसाएवढी. तिथे गंज फुगतो आणि पाचर ठोकल्यासारखा घट्ट बसतो. खताचे कण चिकटून राहिले तर गंज आणखी लवकर धरतो. कोकणात समुद्राकडच्या खाऱ्या हवेनेही तसेच होते.

सोडवण्याची रीत
१) आधी ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून बंद करावा. चाकांना पुढे-मागे दगड लावावेत. औजार जमिनीवर टेकवावे. उचललेल्या औजाराखाली कोणीही शिरू नये.

२) तारेच्या ब्रशने आट्यांवरची माती व गंज साफ करावा. मातीवर ओतलेले तेल मातीच पिते, आत जात नाही.

३) आता तेल सोडावे. पूर्वी लोक रॉकेल वापरीत. ते आता सहज मिळत नाही, पण डिझेलमध्ये थोडे इंजिन ऑइल मिसळले तरी चालते. दुकानात फवाऱ्याचे डबेही मिळतात. त्यातले डब्ल्यूडी-४० अमेरिकेत १९५३ साली तयार झाले. चाळिसाव्या प्रयत्नात जमले म्हणून नावात ४०! तेल पातळ असल्यामुळे बारीक फटीत आपोआप ओढले जाते, जशी वात तेल ओढते. पण त्याला वेळ द्यावा लागतो. सकाळ-संध्याकाळ तेल सोडावे आणि रात्रभर थांबावे. घाई केली की बोल्ट गेलाच म्हणून समजा.

४) नटाच्या बाजूंवर हातोडीने हलके ठोके द्यावेत. हादऱ्याने गंजाला तडे जातात व तेल आत उतरते. बोल्टाच्या टोकावर थेट घाव घालू नये. टोक पसरते आणि मग नट निघतच नाही.

५) नेमक्या मापाचा रिंग पाना लावावा. ढिला पाना नटाचे कोपरे खातो. साधा नट घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने सुटतो. पण आधी तो किंचित आवळून पाहावा, मग सोडावा. पुन्हा आवळावा, पुन्हा सोडावा. असे मागे-पुढे करीत गंजाचा भुगा होतो. पाना आपल्याकडे ओढावा. ढकलताना निसटला तर बोटे सोलतात बरं का!

६) तरीही सुटला नाही तर उष्णता द्यावी. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना लोहार ती आधी तापवतो, कारण तापलेले लोखंड वाढते. १ मीटर लांबीची सळई १०० अंश सेल्सियसने तापवली तर सुमारे १.२ मिलिमीटर वाढते. तसाच नट तापवला की तो जरा सैल होतो. मात्र नट तापवावा, बोल्ट नव्हे. हे काम फक्त जाणत्या मोठ्या माणसाचे. आधी सांडलेले तेल-डिझेल पुसून घ्यावे. डिझेलची टाकी, बॅटरी आणि रबरी नळ्यांजवळ आग नेऊ नये. हवा भरलेल्या चाकाची डिस्क किंवा तिचे नट तर कधीच तापवू नयेत. टायर फुटून माणूस दगावू शकतो.

७) शेवटचा उपाय छिन्नीचा. नट फोडून काढावा. नवा नट थोड्या पैशांत येतो, पण बोल्ट वाचतो. छिन्नी मारताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

इंजिनच जाम झाले तर?
सिलिंडरमध्ये पाणी शिरून पिस्टन चिकटला, तर काही जण दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून गिअर टाकतात. असे करू नये. आतले भाग वाकतात किंवा तुटतात. मिस्त्री नॉझल काढून आत डिझेल व ऑइल सोडतात, काही दिवस थांबतात आणि मग इंजिन हातानेच थोडे-थोडे फिरवून पाहतात. सुटल्यावर खालचे ऑइल बदलल्याशिवाय इंजिन चालू करू नये, कारण त्यात डिझेल उतरलेले असते.

करून पाहा
तीन बाटल्यांत एकेक नवा खिळा टाका. पहिली कोरडी ठेवून झाकण घट्ट लावा. दुसरीत खिळा अर्धा बुडेल इतके साधे पाणी घाला. तिसरीत उकळून गार केलेले पाणी खिळा बुडेपर्यंत घाला आणि वर गोडेतेलाचा थर द्या. आठ दिवसांनी पाहा. दुसऱ्या बाटलीतल्या खिळ्यालाच चांगला गंज दिसेल, कारण हवा आणि पाणी दोन्ही त्यालाच मिळाले.

पालकांना विनंती
हंगाम संपला की ट्रॅक्टर व औजारे धुवावीत, कोरडी करावीत, आट्यांना ग्रीस लावावे आणि वर छप्पर करावे. अर्ध्या दिवसाच्या या कामाने पुढची पेरणी अडत नाही. आणि नट अडलाच, तर शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ हे ध्यानात ठेवावे.

— इयत्ता सातवी