भरतीच्या रेषेवरचे न्यायालय

उजनीच्या काठी राहणाऱ्याला पाण्याची हद्द म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले आणि करमाळा, माढा, इंदापूर या तालुक्यांतली गावेच्या गावे पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी हटते तशी काठावर गाळाची जमीन उघडी पडते. तिला आम्ही गाळपेर म्हणतो. दोन-चार महिने तिथे पीक निघते, आणि तेवढ्या दिवसांपुरता दरसाल तोच वाद उभा राहतो. ही जमीन कोणाची? बुडण्याआधी ज्याची होती त्याची, पाटबंधारे खात्याची, की जो आधी नांगर घालील त्याची? पावसाळ्यात पाणी चढले की जमीनही बुडते आणि वादही बुडतो.

इंग्रजी कायद्यात अगदी असाच एक वाद शतकानुशतके चालला होता. समुद्रकाठी ओहोटीला उघडा पडणारा जो पट्टा, तिथे घडलेला गुन्हा कोणत्या न्यायालयात चालवायचा? तोडगा असा निघाला की भरतीचे पाणी असेल तेव्हा तिथे ॲडमिरल्टी कोर्टाचा, म्हणजे दर्यावरच्या न्यायालयाचा अंमल, आणि पाणी ओसरले की जमिनीवरच्या न्यायालयाचा. चाच्यांना फाशी देण्याची जागाही म्हणूनच भरती-ओहोटीच्या पट्ट्यात असे. हे वाचले तेव्हा मला आमची गाळपेर आठवली आणि या विषयाची गोडी लागली.

दुसरे निमित्त ग्रँट डफचे. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. विजयदुर्गाचा शेवटचा आंग्रे सरदार तुळाजी याच्याविषयी त्यात एक नोंद आहे. तुळाजीला आधी साताऱ्याजवळच्या वंदनगडावर ठेवले, पुढे सोलापुरास आणले, आणि तिथेच तो मेला. ज्याला इंग्रज पश्चिम किनाऱ्यावरचा सर्वांत मोठा चाचा म्हणत, तो मेला आमच्या जिल्ह्यात, समुद्रापासून शेकडो मैल आत. त्या काळी चाच्यांसाठी खास न्यायालये होती आणि मुंबई बेटावरही तसे एक स्थापन झालेले होते. मग तुळाजीवर खटला का चालला नाही? या प्रश्नामागे मी काही वर्षे लागलो. हाती आले ते इथे मांडतो.

मुळात चाच्यांसाठी वेगळे न्यायालय लागतेच कशाला? दरोडा तो दरोडा, मग तो घाटात पडो की समुद्रात. इंग्लंडचा ॲडमिरल्टी न्यायाधीश सर चार्ल्स हेजेस १६९६ साली ज्यूरीला जवळजवळ हेच सांगत होता. पण जमिनीवरच्या कोर्टाची हद्द जिल्ह्याने, परगण्याने ठरते, आणि समुद्राला परगणा नाही. म्हणून आठव्या हेन्रीच्या काळात, १५३६ साली, कायदा झाला की समुद्रावरचे गुन्हे राजाने नेमलेल्या खास आयोगापुढे, ज्यूरीसह, इंग्लंडात चालवावेत. इंग्रजांचा दर्यावर्दी व्यवहार युरोपच्या आसपास होता तोवर हे निभावले. हिंदी महासागरात पकडलेला चाचा, त्याचा माल आणि साक्षीदार सहा-आठ महिन्यांचा प्रवास करून लंडनला न्यायचे म्हणजे खटला उभाच राहू नये अशी व्यवस्था.

मुंबई बेट १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला सालीना दहा पौंड खंडाने मिळाले. ऑन्जियरने १६७२ साली इथे पहिले इंग्रजी न्यायालय उघडले, पण ते जमिनीवरचे. दर्यावरच्या न्यायालयाचा अधिकार कंपनीला मिळाला तो दुसऱ्या चार्ल्सच्या ९ ऑगस्ट १६८३ च्या सनदेने. रोमन परंपरेच्या कायद्यातला एक पंडित आणि दोन व्यापारी अशा तिघांनी बसावे, आणि न्यायबुद्धी, सदसद्विवेक व व्यापाऱ्यांचे रिवाज यांना धरून निकाल द्यावा, अशी त्यात तरतूद होती. १६८४ मध्ये डॉ. जॉन सेंट जॉन हे कायदेपंडित त्यासाठी पश्चिम किनाऱ्यावर येऊन दाखल झाले.

आता या सनदेच्या मागचे दुखणे पाहा. कंपनीला त्या वर्षांत सर्वांत जास्त टोचत होते ते मलबारी किंवा अरब चाचे नव्हेत. टोचत होते ते स्वतःचेच देशबांधव, परवान्याशिवाय पूर्वेकडे व्यापार करणारे खाजगी इंग्रज व्यापारी. त्यांना कंपनी इंटरलोपर म्हणे. आपण घुसखोर व्यापारी म्हणू. टॉमस सँड्स नावाच्या अशाच एका व्यापाऱ्याविरुद्ध कंपनीने लंडनमध्ये खटला लढवला आणि १६८५ मध्ये जिंकला. पण प्रत्येक जहाजासाठी लंडनला कोण धावणार? इथल्या इथे जहाज पकडावे, माल जप्त करावा, त्यावर न्यायालयाचा शिक्का घ्यावा, ही खरी गरज होती. चाचेगिरीचा निवाडाही त्याच कोर्टाच्या अधिकारात येत होता, पण माझ्या मते कंपनीच्या लेखी तो दुय्यम होता. व्यापाराची मक्तेदारी ज्याची, त्याच्याच दोन व्यापाऱ्यांनी प्रतिस्पर्ध्याच्या मालाचा निवाडा करायचा!

डॉ. सेंट जॉन मात्र स्वतःला राजाचा न्यायाधीश समजत. त्यांच्याजवळ कंपनीच्या नेमणुकीबरोबर राजाचाही हुकूम होता. गव्हर्नर सर जॉन चाइल्डला हे मानवले नाही. त्याला हवा होता हाताखालचा नोकर. मुंबईच्या जमिनीवरच्या न्यायालयाचे कामही सेंट जॉन पाहू लागले होते. १६८५ मध्ये ते काढून घेऊन व्हॉक्स नावाच्या दुसऱ्या माणसाला दिले, आणि पुढे काही वर्षांतच कंपनीने सेंट जॉनना दूर केले. १६८९-९० मध्ये सिद्दी याकूतखान मुंबईवर उतरला तेव्हा बेटावरचा सगळाच न्यायकारभार कोलमडला. जमिनीवरचे न्यायालय नीट उभे राहायला १७१८ साल उजाडले.

नेमक्या याच मधल्या काळात चाचेगिरीचे सर्वांत गाजलेले प्रकरण आपल्या दारात घडले. सप्टेंबर १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने मक्केहून सुरतेला परतणारे औरंगजेबाचे गंज-इ-सवाई हे जहाज लुटले. यात्रेकरूंचे, विशेषतः बायकांचे, जे हाल झाले ते खाफीखानाने लिहून ठेवले आहेत. सुरतेच्या इंग्रजांना मोगलांनी कोंडून ठेवले. एव्हरी निसटला, पण त्याचे काही खलाशी इंग्लंडात सापडले आणि खटला चालला तो लंडनला, १६९६ च्या ऑक्टोबरात. सरकारतर्फे साक्षीला उभे राहिले ते त्याच टोळीतले दोघे माफीचे साक्षीदार. ज्यूरीने आरोपींना निर्दोष सोडले! सरकार हादरले. औरंगजेबाला काय तोंड दाखवायचे? मग बारा दिवसांच्या आत त्याच माणसांवर वेगळा आरोप ठेवला, की त्यांनी बंड करून मूळ इंग्रज जहाज पळवले. या वेळी ज्यूरीने दोषी ठरवले आणि पाचजण फासावर गेले. मोगल जहाजाच्या लुटीबद्दल त्यांतल्या कोणालाही शिक्षा झालेली नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या नामुष्कीनंतर, आणि अमेरिकेकडच्या वसाहतीही चाच्यांना पाठीशी घालत होत्या म्हणून, तिसऱ्या विल्यमच्या काळात नवा कायदा झाला. तो १७०० मध्ये अमलात आला. चाच्यांचा खटला आता वसाहतीत किंवा वखारीच्या ठिकाणीच चालवता येणार होता. कमीत कमी सात जणांनी बसायचे. त्यात वखारीचा प्रमुख, गव्हर्नर, त्याच्या कौन्सिलचा सभासद किंवा राजाच्या युद्धनौकेचा कप्तान यांपैकी निदान एक असला पाहिजे. माणसे कमी पडली तर नामांकित व्यापारी, जहाजांचे कप्तान, तांडेलसुद्धा घेता येत. ज्यूरी नाही. लंडनच्या ज्यूरीने जो धडा दिला होता, तो असा कायद्यात उतरला.

आरोपीच्या बाजूने या खटल्यांत एकच दणकट बचाव असे, तो म्हणजे कागद. आपण कोणा राजाच्या परवान्याने जहाज पकडले असे दाखवता आले तर तो चाचा नव्हे, युद्धातला सैनिक. आणि माल ही लूट नव्हे, युद्धात मिळालेली जिंदगी. कॅप्टन किडची गोष्ट यासाठी वाचावी. त्याने १६९८ च्या सुरुवातीला मलबार किनाऱ्याजवळ एक मोठे व्यापारी जहाज पकडले. त्या जहाजाजवळ फ्रेंच पास होता आणि इंग्लंड-फ्रान्सचे युद्ध असताना किडला फ्रेंच जहाजे पकडायचा अधिकार होता, असा त्याचा बचाव. १७०१ मध्ये लंडनच्या न्यायालयात ते पास मिळाले नाहीत. किड फासावर गेला. ते पास विसाव्या शतकात लंडनच्या सरकारी दप्तरखान्यात सापडले.

आता आंगऱ्यांकडे वळतो. कान्होजीजवळ कागदांची वाण नव्हती. सरखेलीची वस्त्रे छत्रपतींची, आणि १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने तो शाहू महाराजांच्या पक्षात आल्यावर तर प्रश्नच उरला नाही. कोकणच्या दर्यात फिरणाऱ्या गलबताने सरखेलाचे दस्तक घ्यावे, न घेतले तर ते पकडले जाईल, हा त्याचा नियम. पोर्तुगीज दोनशे वर्षे हेच करत होते, त्यांच्या दस्तकाला कार्ताझ म्हणत. इंग्रजही स्वतःचे पास देत. त्याच १७१३ साली मुंबईकर इंग्रजांनी कान्होजीशी तह केला. चाच्याशी कोणी तह करतो का? १७२४ मध्ये गव्हर्नर फिप्सला त्याने जे उत्तर पाठवले, त्यात हाच सूर आहे: व्यापारी म्हणवणाऱ्यांचा कारभारही शेवटी बळजोरीवरच चालतो, मग आम्हांला नावे कशाला?

असा माणूस सात जणांच्या कोर्टापुढे उभा केला असता तर पहिलाच प्रश्न निघाला असता, की सनद कोणाची? आणि त्याने ती काढून समोर ठेवली असती. मग मराठी राज्य हे राज्य आहे की नाही, याचा निकाल मुंबईच्या व्यापाऱ्यांना द्यावा लागला असता. हा निकाल कोणालाच नको होता. म्हणून कोर्ट राहिले टोपीकर चाच्यांसाठी आणि आंगऱ्यांसाठी राहिल्या तोफा. गव्हर्नर बूनने १७१७ मध्ये विजयदुर्गावर, १७१८ मध्ये खांदेरीवर, आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर स्वारी केली. तिन्ही फसल्या.

इथे आपल्याकडच्या लेखकांशीही माझे थोडे भांडण आहे. कान्होजी चाचा नव्हता हे ठरले, की लगेच त्याच्या आरमाराने धरलेले प्रत्येक गलबत न्याय्य ठरवायची घाई होते. ज्या गुजराती किंवा कोकणी व्यापाऱ्याचा माल गेला, त्याला सनद शाहूची होती की बूनची, याने काय फरक पडणार? त्या व्यापाऱ्यांची बाजू आपण अजून नीट लिहिलेली नाही.

मुंबईत आंगरे प्रकरणी एक खटला मात्र झाला, आणि तो चालला जमिनीवरच्या माणसावर. रामा कामती हा कंपनीच्या विश्वासातला धनाढ्य शेणवी व्यापारी. वाळकेश्वराचे देऊळ त्यानेच १७१५ च्या सुमारास पुन्हा बांधले. १७१८ च्या नाताळात इंग्रजांच्या नव्या चर्चचा सोहळा पाहायला तो आपली ज्ञातमंडळी घेऊन गेला होता. दोन वर्षांनी, १७२० मध्ये, कान्होजीशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचा आरोप त्याच्यावर आला. न्यायाला बसला गव्हर्नर बून आणि त्याचे कौन्सिल, म्हणजे ज्याच्या मोहिमा कान्होजीने मोडल्या तोच. पुरावा म्हणजे कामतीच्या मुद्रेचे एक पत्र, आणि त्याच्या कारकुनाचे अंगठे लोखंडी पेचात पिळून घेतलेला कबुलीजबाब. कामतीची मालमत्ता जप्त झाली, तो १७२८ मध्ये कैदेतच मेला. ते पत्र आणि त्यावरची मुद्रा बनावट होती, असे पुढे दिसून आले. दस्तऐवजावर माणूस सुटतो तसा दस्तऐवजावर बुडतोही.

तुळाजीच्या वेळी चित्र बदलले होते. त्याचे पेशव्यांशी वाकडे आले होते, त्यामुळे सनदेचा आधार डळमळीत झाला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह समुद्राकडून, पेशव्यांची फौज जमिनीकडून, असा विजयदुर्गाला वेढा पडला. आरमार जळून खाक झाले. किल्ल्यात सुमारे दहा लाखांचा ऐवज मिळाला. तो मराठ्यांना वगळून आपसांत कसा वाटायचा, हे इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबईतून निघण्याआधीच ठरवले होते. वाटणी आधी झाली, आणि निवाडा कधी झालाच नाही. (उजनीत वाळू उपसणाऱ्या बोटी पथक पकडते आणि जागीच स्फोटाने उडवते. त्याचा धूर काठावरून दिसतो तेव्हा मला हा क्रम आठवतो; वाळूचोरांची बाजू घ्यायचा मात्र माझा हेतू नाही.) तुळाजी स्वतः किल्ला पडण्याआधीच पेशव्यांच्या छावणीत गेला होता. इंग्रजांनी त्याला मागितले, मराठ्यांनी दिले नाही.

मुंबईच्या न्यायालयांत चाचेगिरीचे खटले आपल्या काळातही आले. अलोंद्रा रेनबो या जपानी मालकीच्या जहाजाचे अपहरण करणारे पंधरा इंडोनेशियन १९९९ मध्ये आपल्या नौदलाने आणि तटरक्षक दलाने पकडले. २००३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने त्यांना सात वर्षांची सजा दिली आणि २००५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांची सुटका केली. भारतीय दंडविधानात चाचेगिरी हा गुन्हाच नव्हता! २०११ मध्ये पकडलेल्या सुमारे सव्वाशे सोमाली चाच्यांवरही खून करण्याचा प्रयत्न वगैरे कलमांखालीच खटला भरावा लागला, आणि निकालाला २०१७ उजाडले. अखेर २०२२ मध्ये संसदेने सागरी चाचेगिरीविरोधी कायदा केला. त्यानुसार केंद्र सरकार उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींशी विचारविनिमय करून सत्र न्यायालयांना हे काम नेमून देते. मार्च २०२४ मध्ये रुएन जहाजावरच्या ३५ सोमाली चाच्यांना मुंबईत आणले ते याच कायद्याखाली. खाजगी जहाजातून, खाजगी हेतूने केलेली लूट, अशी त्यात चाचेगिरीची व्याख्या आहे. म्हणजे ‘सनद कोणाची’ हा जुना प्रश्न आता व्याख्येतच बसवला आहे.

तुळाजीला हा प्रश्न कोणी विचारला नाही. इंग्रजांसाठी तो हातातून निसटलेला चाचा होता, पेशव्यांसाठी आज्ञा मोडणारा सरदार. त्याच्यावर आरोप लिहिला गेला असता तर त्याचे म्हणणेही कोणा कारकुनाला उतरून घ्यावे लागले असते. सोलापूरच्या किल्ल्यात गेलो की बुरुजावरून खाली सिद्धेश्वराचा तलाव दिसतो. कोंडलेल्या तुळाजीच्या नजरेला एवढे तरी पाणी पडत होते का, हे तिथे उभे राहून मी पुष्कळदा स्वतःला विचारले आहे.